कागदी सालीचे झाड : कात्री कुठे चालवावी, कुठे थांबवावी

कापडाच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकायला मिळते. ताग्यावर कात्री चालली की चालली, चुकीचा काप परत जोडता येत नाही. झाडाच्या बाबतीत लोकांना वाटते की तिथे ही भीती नाही, कापले तर पुन्हा फुटेल. हे अर्धेच खरे आहे. झाड फुटते जरूर, पण आपल्याला हवे तिथेच फुटेल असे नाही. कधी कधी तर पाच वर्षे मेहनत करून तयार केलेली फांदी एका चुकीच्या कापाने कायमची सुकते.

बोन्साय हा शब्द आता आपल्या वाचकांना नवा नाही. उथळ कुंडीत झाड लावून, वर्षानुवर्षे छाटणी करून त्याला मोठ्या वृक्षाचे रूप द्यायचे, हे ते हुनर. चीनमध्ये त्याला पेंजिंग म्हणतात. तिथून ते जपानात गेले आणि जपानातून जगभर पसरले. जपानी उस्तादांची झाडे म्हणजे पाइन, जुनिपर, मेपल. पण ऑस्ट्रेलियातील शौकीन लोकांनी गेल्या काही दशकांत आपल्या मातीतली झाडे कुंडीत घ्यायला सुरुवात केली. त्यांत एक नाव ठळक आहे : पेपरबार्क, म्हणजे कागदी सालीचे झाड. त्याची छाटणी कशी करतात आणि पानांची दाटी कशी आणतात, ते आज पाहू. व्यापाराच्या पानावर झाडाचे काय काम, असे कोणी विचारील. मात्र ज्या मालात भांडवल वर्षानुवर्षे अडकून पडते आणि ज्याची किंमत केवळ हाताच्या सफाईवर ठरते, तो माल आपल्या कारागीर बंधूंनी समजून घेण्यासारखा आहे.

झाडाची ओळख

या झाडाचे शास्त्रीय कुळनाव मेलाल्युका. ग्रीक भाषेत मेलास म्हणजे काळा आणि ल्युकॉस म्हणजे पांढरा. जंगलातल्या आगीने बुंधा काळा पडलेला आणि वरचे खोड पांढरे, असे रूप पाहून हे नाव पडले असे सांगतात. या कुळात सुमारे ३०० जाती असून त्यांतल्या बहुतेक फक्त ऑस्ट्रेलियात आढळतात. सगळ्यांचीच साल कागदी नसते. ज्यांची असते त्यांची साल पातळ पापुद्र्यांचे थर एकावर एक रचल्यासारखी दिसते. हाताला ती मऊ लागते, जणू जुन्या वह्यांचा गठ्ठा. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी ही साल छपरासाठी, अन्न गुंडाळून भाजण्यासाठी आणि बाळाच्या अंथरुणासाठी वापरत आले आहेत.

आपला आणि या झाडाचा एक जुना संबंध आहे. अत्तार आणि युनानी दवा विकणाऱ्यांकडे मिळणारे कायापुटीचे तेल याच कुळातल्या एका जातीच्या पानांचे. मलय भाषेत कायू म्हणजे लाकूड आणि पुतिह म्हणजे पांढरे. त्यावरून हे नाव आले. ते तेल इंडोनेशियातून, विशेषतः बुरू बेटासारख्या भागांतून येत असे. हल्ली साबणात आणि मलमात दिसणारे टी-ट्री तेलही याच कुळातले, पण ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या जातीचे. पान चुरगळले की दोन्हींचा उग्र वास येतो.

बोन्सायसाठी मुख्यतः तीन जाती धरतात. पहिली रुंद पानाची, क्विन्क्वेनर्व्हिया. नावाचा अर्थ पाच शिरांची. ती ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दलदलीत वाढते आणि पान ५ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरच्याही पुढे जाते. दुसरी अरुंद पानाची, लिनारिफोलिया. तिचे पान २ ते ४ सेंटिमीटर लांब आणि सुईसारखे निमुळते. उन्हाळ्यात ती पांढऱ्या फुलांनी इतकी भरते की तिथले लोक तिला 'उन्हाळ्यातला बर्फ' म्हणतात. तिसरी टोकदार, टोचणाऱ्या बारीक पानांची, स्टिफेलिऑइड्स. लहान झाड करायचे तर बारीक पानांच्या जाती सोयीच्या. रुंद पानाच्या जातीचे झाड थोडे मोठेच ठेवावे लागते, नाहीतर पान मोठे आणि झाड छोटे असे बेढब दिसते.

आगीची आणि पाण्याची सवय

ऑस्ट्रेलियाचे रान आगीचे रान आहे. वणवा येऊन गेला की या झाडाची पाने, कोवळ्या डहाळ्या सगळे जळते. पण जाड सालीखाली खोडात डोळे झोपलेले असतात. आगीनंतर ते जागे होतात आणि खोडावर जागोजागी कोंब फुटतात. बोन्साय करणाऱ्याला हीच गोष्ट कामाची. ज्या झाडाला वणव्यातून उठायची सवय आहे, ते करवतीच्या कापातूनही उठते. पाइनच्या जुन्या, पाने नसलेल्या फांदीवर नवा कोंब क्वचितच येतो. पेपरबार्क मात्र मनगटाएवढ्या उघड्या लाकडावरही फुटतो.

दुसरी सवय पाण्याची. इतर बोन्सायच्या मुळांशी पाणी साचले तर मुळे कुजतात. दलदलीतल्या या झाडाला साचलेले पाणी चालते. तिथले अनेक शौकीन उन्हाळ्यात सगळी कुंडीच पाण्याच्या ताटात ठेवून देतात.

हे झाले गुण. अवगुणही सांगितले पाहिजेत. पहिला, कोंब सरळ वर धावतात, आडवी फांदी स्वतःहून होत नाही. दुसरा, सगळा जोर शेंड्याकडे जातो आणि खालच्या फांद्या उपाशी राहतात. तिसरा, सावलीत गेलेली आतली डहाळी झाड लवकर सोडून देते. छाटणीचे सगळे काम या तीन अवगुणांना आवर घालण्याचे आहे.

पहिला काप

सुरुवात बहुधा रोपवाटिकेतल्या किंवा जमिनीत वाढवलेल्या झाडापासून करतात. जमिनीत खोड लवकर जाड होते. खोड हवे तेवढे झाले की ते ठरलेल्या उंचीवर कापतात. काळ उबदार हवा. तिकडे ऋतू आपल्या उलट असतात : सप्टेंबर ते नोव्हेंबर वसंत, डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा. कॅनबेरासारख्या थंड गावी पहाटेचे हिमतुषार पडायचे थांबेपर्यंत कात्रीला हात लावत नाहीत.

काप घेतल्यावर काही आठवड्यांत खोडावर कोंबांची गर्दी होते. एकेका जागी पाच-सहा कोंब. नवशिक्याला ही बरकत वाटते आणि तो सगळेच ठेवतो. पुढे त्या जागी गाठ फुगते आणि आकार बिघडतो. म्हणून कोंब बोटभर झाले की निवड करायची. जिथे फांदी हवी तिथे एक, फार तर दोन ठेवायचे. बाकीचे बोटानेच खुडायचे. एक फांदी डावीकडे, एक उजवीकडे, एक मागे, आणि त्या एकाच पातळीवर येऊ द्यायच्या नाहीत.

निवडलेल्या कोंबाला वळण द्यायचे ते कोवळेपणी. लाकूड धरले की कोंब ताठ होतो आणि वाकवताना मुळाशी तुटतो. ॲल्युमिनियमची तार तिरप्या वेढ्यांनी गुंडाळून कोंब हळूहळू आडवा आणतात. उन्हाळ्यात हे झाड इतके वेगाने वाढते की तार सालीत रुतायला वेळ लागत नाही. म्हणून दर आठवड्याला नजर टाकायची आणि रुतायला लागली की तार उलगडत न बसता कातरून काढायची. उलगडताना फांदी मोडते, मऊ सालही सोलली जाते.

यानंतरची पायरी संयमाची आहे. फांदीला जाडी हवी असेल तर तिला मोकळी वाढू द्यावी लागते. सतत खुडत राहिलेली फांदी काडीसारखी बारीकच राहते. म्हणून आधी फांदी लांब जाऊ देतात, बुडाशी हवी तेवढी जाडी आली की मागे दोन-तीन पानांवर कापतात. तिथून दोन कोंब निघतात. ते वाढू द्यायचे, पुन्हा मागे कापायचे. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा आखूड आणि बारीक. बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती अशी फांदी याच रीतीने होते. दुसरा मार्ग नाही.

पानांची दाटी कशी येते

फांद्यांचा सांगाडा उभा राहिला की मग पानांच्या दाटीचे काम. इथे हिशेब सोपा आहे. एक टोक कापले तर दोन टोके येतात. दोनाची चार, चाराची आठ, आठाची सोळा. गरम हंगामात चार वेळा छाटणी झाली तर एका टोकाची कागदावर सोळा टोके होतात. प्रत्यक्षात काही सुकतात, काही आपणच काढतो, पण वाढीची चाल हीच.

पान लहान होण्याचे रहस्यही यातच आहे. झाडाची ताकद दहा टोकांत वाटली तर प्रत्येक पान मोठे. तीच ताकद दोनशे टोकांत वाटली तर पान आपोआप लहान. बाहेरून कुठलीही दवा लागत नाही.

रीत अशी : कोंबाला सहा ते आठ पाने आली की मागे दोन पानांवर काप घ्यायचा. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. शेवटी ठेवलेले पान ज्या दिशेला, नवा कोंब त्या दिशेला. म्हणून कापण्याआधी पान कुठे तोंड करून आहे ते पाहायचे. वरच्या बाजूचे पान राखले तर कोंब आभाळाकडे जाईल. बाजूचे राखले तर फांदी पंख्यासारखी पसरेल. लिनारिफोलियाची पाने समोरासमोर जोडीने येतात, त्यामुळे तिथे काप घेतला की बहुधा कैचीसारखी दोन टोके फुटतात. खालच्या बाजूला लोंबणारे आणि सरळ वर गेलेले कोंब काढून टाकायचे.

झाडाच्या सगळ्या भागांत कात्री सारखी चालवायची नाही. वरचा एक तृतीयांश भाग कडक छाटायचा, वारंवार छाटायचा. मधला बेताने. खालच्या फांद्यांना जवळजवळ हात लावायचा नाही. त्यांना वाढू द्यायचे, दाणापाणी खाऊ द्यायचे. वरून सावली कमी झाली की खाली ऊन पोचते आणि आतले डोळे जागे होतात. दाटी आणायची म्हणून आतमध्ये पानांचा गठ्ठा होऊ दिला, तर वर्षभरात आतल्या डहाळ्या सुकतात. मग पाने फक्त टोकांना राहतात आणि झाड छत्रीसारखे पोकळ दिसते. मधून मधून आत बोटे घालून जुनी पाने, मेलेल्या काड्या झाडून काढणे हेही छाटणीचेच अंग आहे.

काही लोक भर उन्हाळ्यात झाड पूर्ण निरोगी असेल तर सगळी पाने एकदम काढतात. काही आठवड्यांत नवी, लहान पाने येतात. पण हे काम अशक्त झाडावर, नुकत्याच कुंडी बदललेल्या झाडावर किंवा थंडी तोंडावर आली असताना करायचे नाही.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही सिडनीला भाच्याकडे गेलो होतो. त्याने मागच्या अंगणात एक रुंद पानाचा पेपरबार्क कुंडीत सहा वर्षे सांभाळला होता. एके दुपारी तो कामावर असताना आम्ही कात्री घेतली. वरची पाने हिरवीगार, सुंदर दिसत होती म्हणून त्यांना धक्का लावला नाही. डावीकडची खालची फांदी विस्कटलेली वाटली. ती आम्ही पार उघडी केली, एकही पान ठेवले नाही. आम्हाला वाटले, हे झाड तर उघड्या लाकडावर फुटते, मग हीही फुटेल.

संध्याकाळी भाचा आला, पाहिले, आणि एवढेच म्हणाला, "मामू, वरचं कापायचं होतं." महिनाभराने आम्ही परत निघालो तेव्हा त्या फांदीवर कोंब नव्हता. पुढे ती सुकली. झाडाची ती बाजू आजही रिकामी आहे आणि कुंडी फिरवून तिथे नवी बाजू समोर करावी लागली.

कारण नंतर समजले. सगळे झाड उघडे केले तर झाडाकडे दुसरा मार्ग नसतो, ते सगळीकडून फुटते. पण वर हिरवी पाने ठेवून खालची एकच फांदी उघडी केली, तर मुळांतून येणारा रस पानांच्या ओढीने वर जातो. ज्या फांदीला ओढ नाही, तिला झाड सोडून देते. म्हणून नियम असा लक्षात ठेवावा : कमजोर फांदी सुधारायची असेल तर तिच्यावर पाने राखा आणि कात्री जोरदार फांद्यांवर चालवा. एखादी फांदी आखूड करायचीच असेल तर थोडी पाने किंवा एक हिरवे टोक राखून दोन-तीन टप्प्यांत करा.

फुले हवीत की आकार

पेपरबार्कची फुले बाटली धुण्याच्या ब्रशसारखी, कोंबाच्या टोकाकडे येतात. गंमत अशी की फुलाच्या पुढेही तोच कोंब वाढत जातो आणि मागे लाकडी बोंडे फांदीला चिकटून राहतात. दर महिन्याला टोके कापणाऱ्याला फुले दिसणार नाहीत. ज्याला फुले हवीत त्याने एक हंगाम कात्री थांबवावी आणि फुले गळताच त्यांच्या मागे काप घ्यावा. तयार होत असलेल्या झाडावर फुलांचा मोह ठेवू नये, असे जाणकार सांगतात.

बोंडांबद्दल एक सावधगिरी. त्यांत धुळीसारखे बारीक बी असते आणि कापलेली फांदी सुकली की बोंडे उघडून बी सांडते. हेच रुंद पानाचे झाड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या फ्लोरिडात नेले गेले. दलदल सुकवण्यासाठीही ते तिथे लावले. पुढे त्याने एव्हरग्लेड्स नावाच्या विशाल पाणथळ प्रदेशात मूळ झाडांना हुसकावून लावले. तोडावे, जाळावे तर बी आणखीच पसरे. शेवटी १९९७ साली ऑस्ट्रेलियातून त्याची पाने खाणारा भुंगा आणून सोडावा लागला. एका देशाचे देखणे झाड दुसऱ्या देशात आफत झाले. छाटणीचा कचरा ओढ्याकाठी फेकू नये, हा धडा त्यातून घ्यावा.

पाणी, खत आणि मुळे

ऑस्ट्रेलियन झाडांना खत चालत नाही असा एक समज आहे. तो बँक्सियासारख्या काही झाडांबाबत, तेही स्फुरदापुरता खरा आहे. पेपरबार्क खादाड आहे. वाढीच्या दिवसांत नियमित खत आणि भरपूर ऊन दिले नाही तर वर सांगितलेली छाटणी त्याला सोसणार नाही. जो माणूस कापतो पण खाऊ घालत नाही, त्याचे झाड हळूहळू विरळ होते.

कुंडी बदलणे आणि मुळे छाटणे हे काम वसंत सरता सरता किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला, झाड जोमात असताना करतात. लहान कुंडीत मुळे लवकर गच्च भरतात. मुळांना कात्री लावली की पानेही थोडी कमी करायची, काही दिवस सावलीत ठेवायचे आणि माती क्षणभरही कोरडी पडू द्यायची नाही. या झाडाला एकच गोष्ट माफ नाही : तहान. एका कडक दुपारी कुंडी सुकली तर बारीक डहाळ्यांची वर्षांची कमाई जाते.

आणि साल. जुनिपरचे खोड घासून चमकवतात, तसे इथे करायचे नाही. सुटलेले पापुद्रे हेच या झाडाचे वय आणि हीच त्याची शोभा.

बाजाराचा हिशेब

बोन्सायच्या व्यवहारात खोड हे कच्चे कापड आणि फांद्यांचा विस्तार ही त्यावरची जरी. जाड खोडाचे, नुकतेच कापलेले झाड तुलनेने स्वस्तात मिळते, कारण जमीन आणि पाणी असले की खोड तयार होते. त्याच खोडावर पंधरा-वीस नीट विभागलेल्या फांद्या आणि दाट बारीक पाने असली की किंमत कितीतरी पटींनी चढते. ती किंमत वर्षांची आणि हाताची असते. म्हणून विकत घेताना पानांच्या हिरवेपणाला भुलू नये. पाने बाजूला सारून आत पाहावे. फांदी बुडापासून टोकापर्यंत निमुळती होत गेली आहे का, काप भरले आहेत का, आतल्या डहाळ्या जिवंत आहेत का, खालच्या फांद्या दमदार आहेत का, एवढ्या चार गोष्टी पाहिल्या की माल ओळखता येतो.

देशी झाडांचा मान तिकडे वाढतो आहे. कॅनबेराच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात, जे २०१३ साली लोकांसाठी खुले झाले, देशाचा बोन्साय-पेंजिंग संग्रह आहे. तिथे जपानी पठडीतल्या झाडांशेजारी ऑस्ट्रेलियन झाडेही मांडलेली असतात. आकाराबद्दल तिथेही मतभेद आहेतच. काही जण पाइनसारखे पानांचे सपाट थर करतात. काही म्हणतात, दलदलीकाठचा पेपरबार्क असा दिसतच नाही. त्याचा माथा मोकळा, वर झेपावणारा हवा. कारागिराने आधी खरे झाड डोळे भरून पाहावे आणि मग कात्री उचलावी, हे मत आम्हाला पटते.

आपल्याकडे काय

परदेशातून रोप किंवा बी पिशवीत घालून आणण्याचा विचार कोणी करू नये. वनस्पती अलगीकरणाच्या २००३ च्या आदेशानुसार आयातीसाठी परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. त्याविना आणलेला माल बंदरावर किंवा विमानतळावर जप्त होतो. फ्लोरिडाची गोष्ट वाचल्यावर हा कायदा कशासाठी आहे ते वेगळे सांगायला नको.

ज्यांना हात बसवायचा आहे त्यांच्यासाठी याच कुळाचा जवळचा नातेवाईक महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांत सहज मिळतो : लाल फुलांचा बॉटलब्रश. काही वनस्पतिशास्त्रज्ञ तर त्याला मेलाल्युकातच धरतात. साल कागदी नाही, पण टोकाच्या पुढे वाढणारे फूल, चिकटून राहणारी बोंडे आणि छाटल्यावर जोमाने फुटण्याची सवय तीच. एक रोप घ्यावे, वरचे कडक आणि खालचे हलके छाटावे, आणि दर छाटणीला किती टोके वाढली ते वहीत मांडावे. दोन हंगामांत कात्रीला कुठे थांबायचे ते समजू लागेल. आम्हाला ते सहा वर्षांच्या एका फांदीची किंमत मोजून समजले, वाचकांना बॉटलब्रशच्या एका रोपावर समजावे.